सगळी पानं वाटून ठेवा!

"भोपळ्याच्या वेलीला भोपळे लागावेत, अशी अपेक्षा फक्त अडाणी माणसं करतात!"

हे वाक्य दीडशहाण्यांनी स्वतःच्या परसात, कमरेवर हात ठेवून, बायकोला ऐकवलं. दीडशहाणे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. ऑफिसातल्या लोकांनी ते त्यांना बहाल केलं होतं, आणि ते त्यांना इतकं चपखल बसलं की खरं आडनाव पगाराच्या दिवशीच काय ते कुणाला आठवायचं!

तर या दीडशहाण्यांनी परसात भोपळ्याचं बी लावलं होतं. वेल अशी माजली की विचारू नका! भिंतीवर चढली, पाण्याच्या टाकीला तिने मिठी मारली, तिथून कपडे वाळत घालायच्या दोरीवर गेली आणि आता शेजाऱ्यांच्या खिडकीत डोकावायला लागली होती. पानं तर एकेक जेवायच्या ताटाएवढी! फक्त एकच गोष्ट त्या वेलीवर नव्हती. वेलीला भोपळे किती लागले, तर भोपळा!

"अहो, उपटून टाका ती," बायको म्हणाली. "कपडे वाळवायला जागा राहिली नाही घरात. कालचा तुमचा शर्ट मी पंख्याखाली वाळवला, अजून कुबट वास मारतोय त्याला."

"उपटून टाकू? अगं, भोपळ्यात आहे काय? नुसतं पाणी! खरा गुण असतो तो पानात."

"कसला गुण?"

कसला, ते दीडशहाण्यांनाही ठाऊक नव्हतं. पण असल्या क्षुल्लक कारणासाठी ते कधी अडून बसत नसत. हा माणूस आधी तोंड उघडायचा आणि मग त्यातून काय बाहेर पडतंय याची इतरांबरोबर स्वतःही वाट बघायचा.

"औषधी!" ते म्हणाले, आणि आपण केवढं बोललो या कौतुकाने त्यांनी स्वतःच मान डोलावली.

झालं! वेल वाचली, आणि माणसं संकटात सापडली. दीडशहाण्यांचा अभ्यास सुरू झाला. अभ्यास म्हणजे काय, तर फोनवर आलेले निनावी निरोप आणि न्हाव्याच्या दुकानात नंबर लावून बसलेल्या कुणा गृहस्थाचं बोलणं. तेवढ्यावर त्यांनी अख्खं वैद्यकशास्त्र उभं केलं. डोकं दुखतंय? भोपळ्याचं पान. तळपायांची आग होते? भोपळ्याचं पान. झोप येत नाही? भोपळ्याचं पान. झोप फार येते? तेच पान, उलटं करून! रोग कुठलाही असो, औषध ठरलेलं. ते लावायचं कुठं, एवढाच काय तो फरक.

पहिला पेशंट घरातच मिळाला. बायकोची आई काही दिवस राहायला आली होती आणि तिचा गुडघा दुखत होता. दीडशहाण्यांनी चांगलं रुंद पान तोडलं, सासूबाईंच्या गुडघ्याला लावलं आणि वरून टॉवेल करकचून बांधला. भोपळ्याच्या पानाला बारीक, डोळ्यांना न दिसणारी कुसं असतात. ती काही वेळातच कामाला लागली.

"आई गं! जावईबापू, काहीतरी चावतंय हो!"

"चावत नाही, सासूबाई, ओढतंय! आतलं दुखणं बाहेर ओढून काढतंय!"

"अहो, पण दुखणं उजव्या गुडघ्यात आहे! तुम्ही बांधलंय डाव्याला!"

दीडशहाण्यांनी आधी डाव्या गुडघ्याकडे पाहिलं, मग उजव्याकडे. "मग उजवा कसा वाटतोय आता?"

सासूबाई सरळ बाई. त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "डाव्याला इतकी खाज सुटलीय की उजव्याची आठवणच राहिली नाही."

"बघ!" दीडशहाणे बायकोकडे वळून ओरडले. "आला की नाही गुण?"

सासूबाईंच्या गुडघ्यावर चट्टे उठले, त्याला खोबरेल तेल बायकोने लावलं आणि दोष दीडशहाण्यांनी कुसांना दिला. त्यांनी पद्धतीत सुधारणा केली. पान तसंच बांधायचं नाही. वाटायचं. अगदी बारीक वाटून लावायचं. ही सुधारणाच पुढे त्यांना नडली, म्हणून ती नीट ध्यानात ठेवा.

आता ऑफिसकडे वळू. दीडशहाणे ऑफिसात वरिष्ठ कारकून होते, आणि वर्षानुवर्षं वरिष्ठच राहिले होते. खोलीच्या टोकाला, खिडकीपाशी, अधीक्षकाची खुर्ची होती. गोल फिरणारी, हातांची, पाठीला मऊ गादी असलेली. जुने अधीक्षक निवृत्त झाल्यापासून ती रिकामी होती. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले की दीडशहाणे हळूच जाऊन त्या खुर्चीच्या हातावर हात ठेवून उभे राहायचे. बसायचे नाहीत. त्या खुर्चीसाठी माणूस मनातून झुरत होता, आणि निदान एवढ्या एका गोष्टीत तरी त्याचा शहाणपणा नव्हता, नुसतं दुःख होतं. दोनदा साहेबांनी बढतीचं कबूल केलं होतं आणि दोनदा त्यांच्या तोंडाला पानं पुसली होती. आता निवृत्ती जवळ आली होती. ही संधी गेली की पुन्हा मिळणार नव्हती.

स्पर्धेत दुसरा एकच उमेदवार होता, त्याला सगळे होयबा म्हणत. याच्याइतका निरुपद्रवी आणि निरुपयोगी माणूस शोधून सापडायचा नाही! साहेब म्हणाले, आज फार उकडतंय, की हा कपाळ पुसायचा. साहेब म्हणाले, छे, गारवा आहे, की हा खिडकी लावायला धावायचा.

मुख्य कचेरीतून मोठे साहेब येणार होते. ते वर्षाचा अहवाल बघणार आणि जाता जाता अधीक्षकही नेमणार, असं ठरलं होतं. अहवाल छापून तयार होता. दर वर्षी त्याची पानं मीटिंगच्या आधी प्रत्येक खुर्चीसमोर मांडून ठेवायची, एवढंच काम असायचं. आदल्या दिवशी दुपारी साहेबांनी दीडशहाण्यांना आत बोलावलं. साहेबांच्या एका कानाला फोन होता, पलीकडे मुख्य कचेरी होती आणि दोन्ही गालांवर लालबुंद पुटकुळ्या होत्या.

त्या पुटकुळ्या बघून दीडशहाण्यांना आनंद झाला!

"साहेब, हे गालावर..."

"उष्णता," साहेब फोनवर हात ठेवून पुटपुटले. "थांबा जरा."

पण थांबणं हे दीडशहाण्यांच्या स्वभावात असतं, तर ही गोष्ट घडलीच नसती. "साहेब, यावर एकच उपाय! भोपळ्याची पानं!"

"हो," साहेब फोनमध्ये म्हणाले.

"तशीच लावायची नाहीत. कुसं असतात. वाटायची!"

"बरोबर आहे," साहेब फोनमध्ये म्हणाले.

"माझ्या परसात हवी तेवढी आहेत, साहेब! सासूबाईंचा गुडघा तर एका पानात..."

"फारच छान! नक्की करू! ठेवतो," असं म्हणून साहेबांनी फोन ठेवला. त्या फोनमधला एकूण एक होकार दीडशहाण्यांनी स्वतःच्या खात्यावर जमा करून घेतला होता. साहेबांच्या डोक्यात मात्र मुख्य कचेरीशिवाय काहीही नव्हतं. त्यांनी वर पाहिलं आणि ते म्हणाले,

"हे बघा, उद्या मोठे साहेब येतायत. मीटिंगच्या आधी सगळी पानं वाटून ठेवा."

दीडशहाण्यांची छाती फुगली. "सगळी, साहेब?"

"सगळी! एकही शिल्लक ठेवू नका. मागच्या वेळी अर्धी वाटली आणि अर्धी तशीच पडून राहिली. केवढी नाचक्की झाली!"

मागच्या वेळी? म्हणजे साहेबांनी पूर्वीही हा उपाय केला होता? वा! मोठी माणसं आपलं ज्ञान कशी झाकून ठेवतात, असं दीडशहाण्यांच्या मनात आलं.

"आणि मोठ्या साहेबांना पण?"

"त्यांना सगळ्यात आधी! मग बाकीच्यांना. हे काम मी होयबाला देत नाहीये, तुम्हाला देतोय. खुर्चीचं उद्याच ठरणार आहे. समजलं ना?"

"समजलं, साहेब!"

काय समजलं, हे विचारायची त्या ऑफिसात पद्धत नव्हती.

संध्याकाळी दीडशहाणे कात्री घेऊन वेलीवर तुटून पडले. भिंतीवरची पानं गेली, दोरीवरची गेली, टाकीभोवतीची गेली. टाकीमागची तर अंधारात चाचपडतच तोडली, आणि वेलीचा नुसता सांगाडा उरला. बायको दारात उभी राहून बघत होती. दोरी मोकळी झाली म्हणून तिला बरं वाटत होतं, पण नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं तेज बघून धास्तीही वाटत होती.

"अहो, एवढ्या पानांचं साहेब करणार काय?"

"साहेबच नाही, मोठे साहेबसुद्धा! अख्खी मीटिंग! सगळी पानं वाटून ठेवा म्हणालेत."

"कसली पानं, ते नीट विचारलंत का?"

"कसली म्हणजे? पानं काय दहा प्रकारची असतात?"

ज्याने उभा जन्म कागदाची पानं उलटण्यात घालवला, त्या माणसाने हा प्रश्न विचारावा! बायकोने कपाळावर हात मारला आणि मिक्सर काढून दिला. मिक्सरने पहिली काही भांडी इमानाने वाटली. मग त्याने घरघर केली, एक लांब उसासा टाकला आणि धूर सोडून तो कायमचा गप्प झाला. दीडशहाण्यांनी शेजाऱ्यांचा मिक्सर आणला. तोही रडकुंडीला आला, पण जगला. त्या उपकाराबद्दल शेजाऱ्यांना वाडगाभर हिरवा लगदा भेट मिळाला. तो त्यांनी दार लागताच मोरीत ओतला, आणि या गोष्टीत शहाण्यासारखं वागलेली तेवढी ती एकच माणसं.

सकाळी दीडशहाणे झाकणाची बादली घेऊन सगळ्यांच्या आधी ऑफिसात हजर! मीटिंगच्या खोलीत लांबलचक टेबल होतं. त्यांनी प्रत्येक खुर्चीसमोर चहाचा एकेक कप मांडला, काठोकाठ हिरवागार लगदा भरला, आणि तो घट्ट झाला म्हणून वरून पाणी घालून चांगला सरसरीत केला. मोठ्या साहेबांच्या कपाखाली बशीही ठेवली. शेजारच्या खोलीत छपाईच्या यंत्रापाशी अहवालाच्या पानांचा गठ्ठा पडून होता. दीडशहाण्यांनी बादली उघडताना झाकण त्याच्यावरच ठेवलं.

तेवढ्यात खाली गाडीचा आवाज आला. साहेब जिन्यातच दीडशहाण्यांना भेटले. ते मोठ्या साहेबांच्या स्वागताला खाली निघाले होते आणि त्यांना दम लागला होता.

"पानं वाटली का?"

"वाटली, साहेब! अगदी बारीक!"

"बारीक? अहो, मोठ्या साहेबांना चष्मा आहे! बारीक कशाला केलीत?"

"जाड ठेवली तर टोचतात, साहेब."

साहेबांना यातलं काही कळलं नाही, पण थांबायला वेळ नव्हता. "बरं, सगळ्यांना पुरली ना?"

"पुरून उरली! काल शेजाऱ्यांनाही दिली थोडी."

"शेजाऱ्यांना?" साहेब दोन पायऱ्या परत वर आले. "अहो, गोपनीय असतात ती!"

"चांगल्या गोष्टीत कसलं आलंय गोपनीय, साहेब!"

साहेबांचा चेहरा पांढरा पडला, त्यामुळे पुटकुळ्या आणखीच उठून दिसल्या. पण तोवर मोठे साहेब जिन्याशी पोचले होते.

मोठे साहेब म्हणजे नावाप्रमाणेच मोठे. आधी पोट खोलीत आलं, मग ते आले. सगळे अधिकारी हुद्द्याप्रमाणे बसले. शेवटच्या खुर्चीवर होयबा आणि उभे दीडशहाणे. मोठ्या साहेबांनी समोरच्या कपाकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी दीडशहाण्यांकडे पाहिलं. हाच तो क्षण, असं दीडशहाण्यांना वाटलं. खिडकीजवळची ती खुर्ची त्यांच्या डोळ्यांसमोर गर्रकन फिरली.

"पानं, साहेब!" ते खणखणीत आवाजात म्हणाले. "घरची, ताजी! मी स्वतः वाटलीयत. तोंडाला लावा, साहेब!"

आता समोर भरलेला कप असताना कुणी "तोंडाला लावा" म्हटलं, तर माणूस काय करेल? मोठ्या साहेबांना डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं. इतक्या आडगावच्या शाखेत आपल्या प्रकृतीची एवढी काळजी, हे पाहून ते खूश झाले. त्यांनी कप तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला!

दीडशहाण्यांनी स्वतःच्या गालाकडे बोट दाखवलं, पण तिकडे बघतो कोण! मोठे साहेब प्यायले म्हटल्यावर साहेब मागे कसे राहणार? त्यांनी डोळे मिटले आणि तेही प्यायले. साहेबांनंतर उपसाहेब. मग क्रमाने पुढचे. हुद्दा उतरत गेला तसे कप रिकामे होत गेले. कुणाला वास आला, कुणाला उबळ आली, पण हे काय आहे असं एकानेही विचारलं नाही! होयबाने तर कप संपवून तोंड पुसलं आणि विचारलं, "साहेब, आणखी मिळेल का?"

आणि त्याने दुसरा कपही रिचवला.

मग कुसांनी आपलं काम सुरू केलं. शेजाऱ्यांच्या मिक्सरने जेवढी वाटायची तेवढी वाटली होती, उरलेली घशात अडकली. मोठे साहेब खाकरले. मग खोकले. मग दोन्ही हातांनी गळा धरून घोड्यासारखे फुरफुरायला लागले. टेबलाच्या दोन्ही बाजूंना तोच आवाज!

"अहो, प्यायचं नव्हतं!" दीडशहाणे ओरडत धावले. "लावायचं होतं! गालाला! असं!"

आणि समजावून सांगण्याच्या भरात त्यांनी बादलीत हात घातला आणि मोठ्या साहेबांच्या गालावर चांगला पसाभर लगदा थापला! थापल्यावर आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानात आलं. मग ते घाईघाईने रुमालाने पुसायला लागले. जसजसं पुसावं तसतसं पसरावं! या कानापासून त्या कानापर्यंत मोठे साहेब हिरवेगार झाले. रुमाल हातात होताच, म्हणून दीडशहाण्यांनी शेजारी बसलेल्या साहेबांचं तोंडही त्याच रुमालाने पुसून दिलं.

खोकलासुद्धा थांबला.

"अहवालाची पानं कुठं आहेत?" मोठ्या साहेबांनी विचारलं. आवाज शांत होता, आणि तेच वाईट होतं.

"कसली पानं, साहेब?"

"कागदाची!"

तेव्हा कुठं दीडशहाण्यांच्या डोक्यात उजेड पडला. मागच्या वेळची अर्धी राहिलेली पानं, चष्मा, गोपनीय, सगळं एका क्षणात जागेवर येऊन बसलं. काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. या खेपेला त्यातून काहीच बाहेर आलं नाही.

"होयबा! पानं वाटा!" साहेब किंचाळले.

"होय, साहेब!" होयबा हिरव्या दातांनी हसत उठला, शेजारच्या खोलीत गेला आणि गठ्ठा घेऊन आला. पहिल्या पानावर बादलीच्या झाकणाचं ओलं हिरवं वर्तुळ होतं. ते पान त्याने मोठ्या साहेबांपुढे ठेवलं.

मोठ्या साहेबांनी अहवाल पाहिला नाही. ते दीडशहाण्यांकडे बघत होते. जन्मात एकदाच त्यांना विनोद सुचला आणि नेमका त्या दिवशी सुचला.

"आजवर मी पुष्कळांच्या तोंडाला पानं पुसली," ते म्हणाले. "माझ्या तोंडाला पुसणारा मात्र तू पहिलाच!"

हुद्द्याप्रमाणे सगळे हसले. दीडशहाणे हसले नाहीत. त्यांचं लक्ष दारातून पलीकडे, खिडकीजवळच्या त्या खुर्चीकडे होतं.

अधीक्षकाची नेमणूक त्याच दुपारी झाली. समोर आलेलं जो काही न विचारता पितो आणि वर आणखी मागतो, त्याच्याहून लायक अधीक्षक त्या ऑफिसाला कुठं मिळणार होता! होयबा खुर्चीत बसला, खुर्ची एकदा पूर्ण फिरवून त्याने सगळ्यांकडे पाहिलं आणि पहिलाच हुकूम सोडला, की दीडशहाण्यांनी कप घासून ठेवावेत. साहेबांच्या पुटकुळ्यांचं म्हणाल, तर त्या दिसेनाशा झाल्या. त्यांच्याभोवती जे चट्टे उठले त्यांत त्या हरवूनच गेल्या. तरी दीडशहाण्यांनी जाता जाता विचारलंच, "साहेब, गुण आला ना?" साहेबांनी त्यांना दार दाखवलं.

दीडशहाणे रिकामी बादली हलवत घरी आले. परसात कपडे ऐसपैस वाळत होते. त्यांचा तो शर्टही पुन्हा धुऊन उन्हात टाकला होता. सासूबाई चट्ट्यांवर तेल चोळत आत बसल्या होत्या. दीडशहाणे मागच्या पायरीवर बसले आणि बादली त्यांनी पालथी घातली. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, म्हणून त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला.

बायको लगबगीने बाहेर आली. तिचा चेहरा खुलला होता.

"आलात? कधीची वाट बघतेय मी! काय झालं ऑफिसात? काय मिळालं?"

"भोपळा!" दीडशहाणे म्हणाले.

"अगंबाई!" बायकोने तोंडावर हात ठेवला. "तुम्हाला कुणी सांगितलं? मी तर अजून आईलाही दाखवला नाही!"

आणि ती पाण्याच्या टाकीमागे गेली, दोन्ही हातांनी, कमरेत वाकून, एक पिवळाधमक, भलाथोरला भोपळा उचलून तिने आणला आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवला.

"एवढा मोठा होता हो!" ती म्हणाली. "तुमच्या त्या पानांमुळे दिसतच नव्हता!"